अवकाशविज्ञान : पाठांतराचे की प्रत्ययाचे?

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवप्रदेशानजीक सुखरूप उतरले आणि २०२४ पासून हा दिवस ‘राष्ट्रीय अवकाश दिन’ म्हणून पाळला जाऊ लागला. त्यानिमित्त शाळाशाळांतून भाषणे होतात, भित्तिपत्रके लागतात. ‘आर्यभट’ कधी सोडला, असे विचारताच ‘१९ एप्रिल १९७५’ हे उत्तर बिनचूक येते. परंतु तो उपग्रह खाली का पडला नाही, असे विचारले तर किती विद्यार्थी हात वर करतील? सनावळ्या पाठ करणे म्हणजे विज्ञान नव्हे.

वस्तुतः अक्कलकोटच्या शिक्षकाला उदाहरणासाठी श्रीहरिकोट्यापर्यंत जाण्याचे कारण नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक दूरदर्शनचा प्रयोग झाला. त्यात आपल्या शिवेला लागून असलेला गुलबर्गा, म्हणजे आजचा कलबुर्गी जिल्हा होता. महाराष्ट्र मात्र नव्हता. जाळीच्या तबकडीवरून येणारे कार्यक्रम सकाळी मुलांसाठी आणि सायंकाळी शेतकऱ्यांसाठी असत. या प्रयोगाच्या उभारणीत एकनाथ चिटणीस या मराठी शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. घरी कानडी आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या आपल्या तालुक्यातील मुलांना ही शेजारची हकीगत का सांगू नये?

दरिद्री देशाने अवकाशावर पैसा का खर्चावा, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला तर त्याला देशद्रोह समजू नये; तो अर्थशास्त्रातील मूलभूत प्रश्न आहे. त्याचे उत्तर अभिमानाच्या घोषणेत नाही, हिशेबात आहे. ज्या तालुक्यात पावसाच्या एका खंडाने तुरीचे पीक हातचे जाते, तेथे इन्सॅटने टिपलेल्या ढगांच्या चित्राचे मोल मुलांना सहज उमगेल. शाळेच्या आवारात साधे पर्जन्यमापक ठेवून रोजची नोंद त्या चित्राशी ताडून पाहावी. अक्कलकोटच्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या आरंभी भरमध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मे महिन्यात सुटी असते आणि ऑगस्टात आभाळ भरलेले असते, हे खरे. तथापि एखादा शिक्षक सुटीत पाच मुलांना अंगणात बोलावू शकतो. त्याला अनुदान लागत नाही.

आणखी एक गोष्ट. आपण यशाचीच कथा सांगतो. एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण १० ऑगस्ट १९७९ रोजी फसले आणि १८ जुलै १९८० रोजी त्याच यानाने ‘रोहिणी’ कक्षेत नेली. २०१९ मध्ये चंद्रयान-२ चा अवतरक कोसळला, म्हणूनच २०२३ चे अवतरण अधिक सावधपणे आखले गेले. एका परीक्षेतील गुणांवरून मुलांची लायकी ठरविणाऱ्या आपल्या शिक्षणव्यवस्थेला हा धडा विशेष आवश्यक आहे. चूक शोधून ती दुरुस्त करण्याचे धैर्य वर्गात रुजले, तरच अवकाश दिन साजरा करण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो.