कोळशाच्या गाडीचा केक

आगगाडीचे वेड असलेल्या मुलाच्या वाढदिवसाला बहुधा धुराड्याच्या इंजिनाचा केक येतो, आणि ज्याच्यासाठी आणला तेच मूल किंचित खट्टू होते. तसे इंजिन त्याने धावताना कधी पाहिलेलेच नसते. चंद्रपूर, भद्रावती, बल्लारपूर येथील मुलांसमोरून जाते ती कोळशाने भरलेली मालगाडी. तिच्या विजेच्या इंजिनाला धुराडे नसते. टपावर तारेला टेकलेला पेंटोग्राफ असतो. गडचिरोली जिल्ह्यात तर वर्षानुवर्षे रेल्वेस्थानक म्हणून देसाईगंज-वडसा हे एकच नाव घेतले जाई. अहेरी-चामोर्शीच्या मुलाला गाडी दिसते ती प्रवासाच्या निमित्तानेच. म्हणून एकदा पाहिलेली गाडी त्याने चाकांसकट लक्षात ठेवलेली असते.

तेव्हा पीठ चाळण्याआधी मुलालाच विचारावे आणि त्याच्याकडूनच आकृती काढून घ्यावी. एरवी पाहुण्यांसमोर तोंड न उघडणारे मूल इथे अर्धा तास बोलेल. मालगाडीच्या इंजिनाला एका बाजूस सहा चाके, कोळशाच्या वाघिणीला चार. (ताडोब्याच्या शेजारी राहणाऱ्या मुलांना ‘वाघीण’ या शब्दाची मोठी गंमत वाटते.) एक इंजिन आणि तीन वाघिणी म्हणजे एका बाजूला १८ छोटी गोल बिस्किटे. शेवटी गार्डचा डबा हवाच. ‘गार्ड’ म्हटल्यावर मूल कदाचित आपल्याला दुरुस्तही करील. २०२२ पासून त्या पदाला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात.

अंड्यावाचून केक हलका होत नाही, ही समजूत सोडावी. एक वाटी ताज्या दह्यात पाऊण वाटी पिठीसाखर विरघळवून सव्वा चमचा बेकिंग पावडर व अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालावा. दह्यातील आंबटपणा आणि सोडा यांचा संयोग होऊन वायू सुटतो व मिश्रण फसफसते. फुलवण्याचे काम तोच करतो. पाच मिनिटांनी अर्धी वाटी तेल आणि दीड वाटी चाळलेला मैदा हलक्या हाताने मिसळावा. आता घोटत बसू नये. तळाशी मीठ पसरून तापवलेल्या जाड कढईत, झाकण ठेवून, मंद आचेवर सुमारे पाऊण तास भाजावे. विणायची सुई खुपसून कोरडी निघाली की झाले.

पूर्ण गार झाल्यावरच कापावे. गरम केकचे डबे ढासळतात. कोळशासाठी काळ्या तिळाचा लाडू कुस्करावा, स्लीपरसाठी चिक्कीच्या पट्ट्या घ्याव्यात. विकतच्या सजावटीवर हिरवा ठिपका पाहून घ्यावा. काही मऊ मिठायांत जिलेटिन असते. शिळे न खाणाऱ्या घरांनी सकाळी भाजून दुपारी जोडणी करावी. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून पाहुण्यांना चार वाजताच बोलवावे.

आजोबांनाही जोडणीला बसवावे. नागपूर-नागभीडची अरुंद रुळांची गाडी त्यांनी पाहिलेली असेल. दोन रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर, आजच्या मोठ्या मार्गाच्या निम्म्याहूनही कमी. मार्ग रुंद करण्यासाठी ती गाडी २०१९ साली थांबली. नातवाला ती आता आजोबांच्या तोंडूनच कळणार, आणि तो चाके मोजायला लावणार हे नक्की.

सुरी मुलाच्याच हाती द्यावी. वाघिणी तो आनंदाने वाटेल. इंजिन कापायला मात्र बहुतेक मुले तयार होत नाहीत. सूर्यास्तापूर्वी ते कोणी खायचे, हे त्यालाच ठरवू द्यावे.