मोडीचा भावही फळ्यावर यावा

महाराष्ट्रातील कोणत्याही पेठेतल्या सराफी पेढीत पाऊल टाकले, तर त्या दिवसाचा सोन्याचांदीचा भाव दर्शनी भिंतीवर ठळक अंकांत लिहिलेला आढळतो. परंतु तो भाव विक्रीचा असतो, मोडीचा म्हणजे जुना जिन्नस विकत घेण्याचा नव्हे. ज्याला सोने घ्यावयाचे आहे त्याला पायरीवरूनच आपला हिशेब मांडता येतो, आणि ज्याला ते विकावयाचे आहे त्याला मात्र आपला जिन्नस दुसऱ्याच्या हाती जाऊन तराजूत पडेपर्यंत त्याचे मोल काय ठरणार याचा अदमासही लागत नाही. सराफ आणि गिऱ्हाईक यांच्यात पेढीवर वारंवार जो कडवटपणा उत्पन्न होतो, त्याचे मूळ क्वचित कोणाच्या लबाडीतही असेल. पण बहुतेक वेळा ते या एकतर्फी फळ्यातच असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरात दुखणे निघाले, किंवा मुलाच्या शिक्षणाचा हप्ता समोर उभा राहिला, म्हणजे जी गृहिणी पाटल्यांची जोडी रुमालात बांधून पेढीवर येते, ती वर्तमानपत्रात छापलेल्या भावाने वजनाला गुणून येणारी रक्कम मनात धरूनच आलेली असते. वीस ग्रॅम वजनाच्या बावीस कॅरेटच्या पाटल्यांत चोख सोने 18.32 ग्रॅमच असते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. मग पोकळ घडणीतील लाख, खड्यांचे वजन, सांधे जोडताना वापरलेल्या डागाचे हीण आणि आटणीतील घट अशा एकेक बाबी सांगितल्या जातात, आणि खरेदीच्या वेळी भरलेली मजुरी तर हिशेबातच धरली जात नाही. यांतील प्रत्येक वजावटीला धातुशास्त्राचा किंवा व्यापाराचा आधार असू शकतो, हे मी मनापासून मान्य करतो. कॅरेटमीटर दागिन्याच्या पृष्ठभागापलीकडचे फारसे सांगू शकत नाही, म्हणून सराफाने आटणीचा आग्रह धरणे हेही रास्तच आहे. परंतु या सर्व वजावटी तोंडी सांगितल्या जातात, आणि त्याही एकामागून एक. त्यामुळे त्यांतील खरी कोणती आणि अवास्तव कोणती याची खातरजमा करण्याचे कोणतेही साधन त्या बाईपाशी राहत नाही. दागिना एकदा मुशीत गेला की व्यवहार नाकारण्याचा तिचा अधिकारही त्याच्याबरोबरच वितळून जातो.

दागिन्यात मजुरी वाया जाते म्हणून नाणे घ्यावे, असा सल्ला आता सर्वत्र दिला जातो, आणि तो पुष्कळसा योग्यही आहे. मात्र तो देणारे अर्धाच हिशेब सांगतात. समजा, एक लाख रुपयांच्या सोन्याच्या नाण्यावर दोन हजार रुपये घडणावळ पडली, तर त्या एकूण रकमेवर तीन टक्के वस्तू व सेवा कर लागून गिऱ्हाइकाने 1,05,060 रुपये मोजलेले असतात. त्याच भावाने दुसऱ्या दिवशी ते विकावयास नेले आणि सराफाने दोन टक्के कपात केली, तर हाती 98,000 येतात. कर गेला, घडणावळ गेली आणि कपातही झाली. वेष्टनाची मोहोर फोडलेली असली, तर परीक्षेचे निमित्त पुढे करून याहूनही कमी रक्कम देऊ केली जाते. बँकेतून नाणे घेणाऱ्यांची निराशा तर अधिकच तीव्र असते. बँकेचे नाव पाहून लोकांनी विश्वासाने नाणी घेतली. परंतु रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी बँकांना ती विकण्याची परवानगी दिली होती, परत विकत घेण्याची नव्हे. ही गोष्ट विक्रीच्या वेळी तितक्याच स्पष्टपणे सांगणे हे विकणाऱ्यांचे कर्तव्य होते.

जुन्या चांदीच्या रुपयांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. पेशवाईच्या काळी निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात चालत. त्यांच्या कसातील आणि वजनातील तफावतीनुसार बट्टा आकारला जाई, आणि नाण्याची पारख करण्यासाठी पोतदार हा स्वतंत्र अधिकारी असे. कंपनी सरकारने 1835 साली सर्व मुलखासाठी एकच रुपया कायम केला: वजन 180 ग्रेन, म्हणजे एक तोळा अथवा 11.66 ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. राणीछाप रुपयापासून पंचम जॉर्जच्या रुपयापर्यंत हे प्रमाण टिकले. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा 1940 पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच राहिली, आणि 1947 साली रुपया निकेलचा झाला. आजीच्या पेटीतून निघालेल्या थैलीत हे सगळे रुपये एकत्र असतात. ते घेऊन येणारा नातू सर्वांना एकच भाव मागतो, आणि सराफाने 1942 किंवा 1944 सालचे रुपये वेगळे काढून त्यांना निम्मा भाव सांगितला की त्याला ती उघड फसवणूक वाटते. सराफाने या फरकाचे कारण दोन वाक्यांत सांगितले, तर तंटा तेथेच मिटावा. पण तेवढी सवड बहुधा कोणी काढीत नाही.

संग्राहकाच्या दृष्टीने नाण्याचे मोल धातूपेक्षा वेगळ्या गोष्टींवर ठरते: दुर्मीळता, टांकसाळीची खूण, झीज किती झाली आहे, पृष्ठभाग मूळचा आहे किंवा कसे. येथे अज्ञानामुळे होणारे नुकसान पाहून खरोखर हळहळ वाटते. विकावयास नेण्यापूर्वी नाणे चांगले दिसावे म्हणून घरोघरी ते चिंचेने किंवा पावडरीने घासून लख्ख केले जाते, आणि शंभर वर्षांत त्यावर चढलेली जी छटा संग्राहकाला हवी असते ती एका दुपारी नाहीशी होते. पुतळ्यांच्या माळेप्रमाणे गळ्यात घालण्यासाठी ज्या रुपयांना कडी डागली गेली, त्यांचेही संग्रहमूल्य त्याच क्षणी संपलेले असते. अशी नाणी पुढे ठेवून पाच आकडी रक्कम मागणारे गिऱ्हाईक आणि चांदीपुरतेच पैसे देऊ करणारा नाणेविक्रेता या दोघांच्या मनस्तापाला जबाबदार तो घासलेला रुपया आहे.

त्यात अलीकडे अफवांची भर पडली आहे. वैष्णोदेवीची प्रतिमा असलेल्या पाच आणि दहा रुपयांच्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात, ट्रॅक्टरचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नोटेने मनुष्य धनाढ्य होतो, असे संदेश मोबाइलवर फिरतात, आणि गरजू माणसे त्यांवर विश्वास ठेवून पेठेत खेटे घालतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नाण्यांच्या व्यवहारात शुल्क, दलाली किंवा कर मागणारे भामटे वावरत आहेत, असा जाहीर इशारा त्या बँकेला ऑगस्ट 2021 मध्ये द्यावा लागला. अशा माणसाला पेढीवरून झिडकारून लावण्यापेक्षा, त्याने अद्याप कोणाला पैसे पाठविले नाहीत ना, एवढे विचारणे अधिक माणुसकीचे होईल.

गिऱ्हाइकांच्या वर्तनाविषयीही परखडपणे बोलले पाहिजे. तीन टक्के कर वाचविण्यासाठी जो बिलावाचून सोने घेतो, तोच काही वर्षांनी त्याच पेढीवर येऊन बावीस कॅरेटचा पूर्ण भाव हक्काने मागतो, तेव्हा सराफापाशी आणि त्याच्यापाशी कोणताच दस्तऐवज नसतो. मोडीची सगळी रक्कम रोख मिळावी हा हट्टही असाच. व्यापाऱ्याने एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांहून अधिक रक्कम रोखीने दिली, तर आयकराच्या नियमांनुसार तो खर्च त्याला मान्य होत नाही. म्हणून तो धनादेश देतो, त्यात टाळाटाळीचा हेतू नसतो. जुने नाणे कोठून आले असे विचारले असता अपमान झाल्यासारखे पेटून उठणारेही पुष्कळ भेटतात. शेतात सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या दफिन्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणे 1878 च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि म्हणून तो प्रश्न विचारणारा विक्रेता आपले कर्तव्यच बजावीत असतो.

या चोरट्या आणि अबोल व्यवहाराची सवय आपल्याला लागली, तिला इतिहासही कारण आहे असे मला वाटते. 1963 च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी सोन्यावर निर्बंध आणले, आणि पुढे 1968 च्या कायद्याने खाजगी माणसाला सोन्याची लगड बाळगण्यास मनाई केली. 1990 साली तो कायदा रद्द होईपर्यंत एक अख्खी पिढी सोन्याविषयी कागद न ठेवण्यातच सुरक्षितता मानत वाढली. कायदा गेला, पण ती भीती घराघरांत उरली.

हॉलमार्कने मोठे कार्य केले आहे, यात संशय नाही. भारतीय मानक ब्यूरोची ही योजना 2000 साली ऐच्छिक म्हणून सुरू झाली. 16 जून 2021 पासून 256 जिल्ह्यांत ती सक्तीची झाली, आणि 1 एप्रिल 2023 पासून सक्ती लागू असलेल्या क्षेत्रात सहा अक्षर-अंकांच्या स्वतंत्र क्रमांकाशिवाय सोन्याचा दागिना विकणे सराफाला वर्ज्य झाले. कस कमी भरल्यास तफावतीच्या दुप्पट भरपाई मिळण्याची तरतूद आहे, आणि अल्प शुल्क देऊन कोणालाही आपला दागिना मान्यताप्राप्त परीक्षण केंद्रात तपासून घेता येतो. जुन्या पोतदाराची जागा या केंद्राने घेतली, असे म्हणण्यास हरकत नाही. परंतु ही सक्ती सराफाच्या विक्रीपुरती आहे. घरातील जुना, शिक्का नसलेला दागिना आता विकताच येत नाही, असे सांगून कोठे भाव पाडला जात असेल, तर ते सर्वस्वी चूक आहे. तो विकण्यास गिऱ्हाइकाला आणि घेण्यास सराफाला पूर्ण मुभा आहे.

म्हणून सराफांच्या संघटनांनी आपण होऊन, आणि त्यांनी ते न केल्यास राज्य शासनाने हुकूम काढून, दोन गोष्टी घडवून आणाव्यात. चोवीस, बावीस आणि अठरा कॅरेटच्या मोडीचा त्या दिवसाचा भाव विक्रीच्या भावाशेजारी, तितक्याच मोठ्या अंकांत लिहिला जावा. तसेच दागिना किंवा नाणे आटणीला जाण्यापूर्वी एकूण वजन, प्रत्येक वजावट, निव्वळ वजन, कस आणि तो कोणत्या रीतीने ठरविला, लावलेला भाव आणि देय रक्कम हे सारे एका चिठ्ठीवर लिहून गिऱ्हाइकाच्या हाती द्यावे, आटणीनंतर कस वेगळा आढळल्यास तो फरकही तिच्यावरच नोंदवावा, आणि आटणीला संमती देण्यापूर्वी ती चिठ्ठी व आपला जिन्नस घेऊन शेजारच्या पेढीवर भाव विचारावयास जाण्याची त्याला पूर्ण मोकळीक असावी.