निवडून कोण येणार, हे कोण ठरवतं?



जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुकीचं बोलणं डहाणू-तलासरीत सुरू झालं आहे. बाजारात, एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या मांडवात सगळे एकच विचारतात, हवा कुणाची? तिकीट कुणाला? पक्षांचे पुढारी आपल्या इच्छुकांना तोलायला बसले आहेत. तोलताना ते एकच शब्द वापरतात, "निवडून येण्याची क्षमता". माणूस पाड्यात राहतो का, वनहक्काच्या दाव्यासाठी कधी ऊन खाल्लं का, हे मागाहून. आधी बघतात पैसा किती, गाड्या किती, नाव किती मोठं. या शब्दाने आपली माणसं कापली जातात, म्हणून तो शब्दच आपण तपासला पाहिजे.

आमची संघटना कोणत्या पक्षाची नाही. कुणाला मत द्या हे आम्ही सांगणार नाही. पण गेल्या काही निवडणुकांचे आकडे सगळ्यांसमोर आहेत, ते एकत्र वाचू.

पहिलं, लोकसभा. जानेवारी 2018 मध्ये खासदार चिंतामण वनगा वारले. ते भाजपचे होते. पोटनिवडणुकीत त्यांच्या मुलाला, श्रीनिवास वनगा यांना, शिवसेनेने उभं केलं. भाजपने काँग्रेसमधून राजेंद्र गावित यांना आणलं. गावितांना 2,72,782 मतं पडली, वनगांना 2,43,210. फरक 29,572. पुढच्याच वर्षी युती झाली, पालघरची जागा शिवसेनेकडे गेली, आणि जागेबरोबर गावितही शिवसेनेत गेले. तेव्हा ते 88,883 मतांनी जिंकले. 2024 ला जागा परत भाजपकडे आली. तिकीट माजी मंत्री विष्णू सवरा यांचे पुत्र हेमंत सवरा यांना मिळालं, ते 1,83,306 मतांनी आले. गावित आधी भाजपमध्ये आणि मग विधानसभेच्या वेळी शिंदे यांच्या शिवसेनेत गेले, आता पालघरचे आमदार आहेत. श्रीनिवास वनगा 2019 ला पालघरचे आमदार झाले होते, 2024 ला त्यांचं तिकीट कापलं.

यात कोण चांगला, कोण वाईट हा आमचा मुद्दा नाही. मुद्दा इतकाच की सहा वर्षांत जागा फिरली, माणसं फिरली, चिन्हं फिरली, आणि यातलं काहीही ठरवताना एकाही पाड्याला कुणी विचारलं नाही. जागा आदिवासींसाठी राखीव आहे. पण पालघर लोकसभेत डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर यांच्याबरोबर नालासोपारा आणि वसईही येतात. तिथल्या इमारतींत लाखो मतं आहेत. म्हणून पक्षाचा पुढारी उमेदवार आदिवासी शोधतो, पण जिंकण्याचा हिशेब तिकडे मांडतो. आपल्या जंगलाचं, प्लॉटचं त्या हिशेबात वजन कमी पडतं.

आता दुसरं, डहाणू विधानसभा. यात डहाणूबरोबर तलासरीही आहे. 2014 ला राज्यात सगळे मोठे पक्ष वेगवेगळे लढले. इथे भाजपचे पास्कल धनारे आले. 2019 ला माकपचे विनोद निकोले आणि धनारे समोरासमोर होते. निकोलेंना 72,114, धनारेंना 67,407. फरक 4,707. निकोलेंच्या प्रतिज्ञापत्रात सगळी मिळून मालमत्ता होती 51,082 रुपये. पैशाच्या तराजूत घातलं असतं तर हा माणूस पहिल्याच फेरीत बाद झाला असता. तरी तो आला. 2024 ला परत आला, 1,04,702 मतं घेऊन. भाजपचे विनोद मेढा 99,569 वर राहिले. फरक 5,133.

हे कसं झालं? कारणं दोन. एक, तलासरीत लाल बावट्याची मुळं 1945 पासूनची आहेत. जरी गावच्या सभेत वारल्यांनी वेठ नाकारली, तेव्हा गोदावरी परुळेकरांना कुणी वरून नेमलं नव्हतं. इथली माणसं टिटवाळ्याच्या किसान परिषदेला गेली आणि आमच्याकडे या म्हणाली. ज्याच्यामागे पाड्यापाड्यात अशी माणसं उभी असतात त्याला गाड्या भाड्याने आणाव्या लागत नाहीत. दोन, विरोधातले मोठे पक्ष त्याच्यामागे एकत्र आले, मत फुटलं नाही. यातलं एक कारण जरी नसतं तरी निकाल वेगळा लागला असता. म्हणजे निवडून येण्याची ताकद माणसाच्या खिशात नसते, ती लोकांनी बांधायची असते.

पण फुगून जायचंही कारण नाही. पाच हजारांचा फरक म्हणजे दोन-तीन मोठ्या ग्रामपंचायतींची मतं. 2024 ला बहुजन विकास आघाडीचे उमेदवार सुरेश पाडवी मतदानाच्या तोंडावर भाजपमध्ये गेले. यंत्रावर त्यांचं नाव होतं, आणि माणूस दुसऱ्या मंचावर. ज्यांनी त्यांच्यासाठी पाडे फिरले त्यांनी काय करायचं?

आणि एक हिशेब कोणताच पक्ष करत नाही. मतदान होतं 20 नोव्हेंबरला. दिवाळी झाली की आपली माणसं वीटभट्टीवर जातात, भिवंडी, वसईकडे. पोरं खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर असतात. त्यांची नावं यादीत आहेत, पण बोट सांगत असते की शाई लागली नाही. पाच हजारांनी जागा ठरते आणि किती हजार माणसं पोटासाठी बाहेर आहेत, ते आपल्याच पाड्यात मोजून बघा.

आता वर बघा. 23 नोव्हेंबर 2024 ला निकाल लागला, आणि मुख्यमंत्र्याचा शपथविधी झाला 5 डिसेंबरला. मधले दिवस नेता कोण यातच गेले. भाजपचे 132, शिंदेंचे 57, अजित पवारांचे 41. ज्याच्यामागे डोकी जास्त, तो नेता. पुढारीपणाच्या शर्यतीत एवढंच मोजतात. मग आपली डोकी किती? 288 च्या सभागृहात आदिवासींच्या राखीव जागा 25. हे 25 जण वनहक्काच्या एका मागणीवर एकत्र बसले तर कुठल्याही नेत्याला त्यांना टाळणं जड जाईल. पण ते आपापल्या पक्षाच्या रांगेत वेगवेगळे बसतात, आणि डहाणूचे आमदार तर सभागृहात त्यांच्या पक्षाचे एकटेच आहेत. म्हणून आपला माणूस निवडून आला की काम झालं, असं समजू नये.

पक्षवाले म्हणतील, हरणाऱ्या चांगल्या माणसाला तिकीट देऊन काय फायदा? बोलणं खोटं नाही. हरलेला माणूस सभेत बसत नाही. पण तो हरणार की जिंकणार हे तिकीट देणाऱ्याने घरी बसून कसं ठरवलं? आपण आधी बोललोच नाही, म्हणून त्याने ठरवलं. कागद आपल्या हातात येतो तेव्हा नावं छापून झालेली असतात. आपल्याला बोलायचं असेल तर तिकीट वाटायच्या आधी बोलावं लागेल.

म्हणून यावेळी प्रत्येक पाड्याने चार गोष्टी कराव्यात असं आम्हाला वाटतं.

एक. तिकीट जाहीर व्हायच्या आधी पाड्याची बैठक घ्या, बायांसकट. आपल्या गटातून कोण चालेल ते ठरवा आणि शेजारच्या पाड्यांशी बोलून एका नावावर या. मग ते नाव घेऊन सगळ्याच पक्षांकडे जा.

दोन. जो मत मागायला येईल त्याला बसवून विचारा. कसतो दोन एकर आणि पट्टा मिळाला काही गुंठ्यांचा, अशा दाव्यांचं काय करणार? पेसाखाली ग्रामसभेने ठराव केला तर त्याच्या बाजूने उभा राहणार का? वाढवण बंदराबद्दल तुझं स्वतःचं म्हणणं काय? पक्ष बदललास तर आमच्यासमोर येऊन सांगशील का? उत्तरं वहीत लिहा, त्याची सही घ्या.

तीन. बाहेर गेलेल्यांची यादी करा. मुकादमाला आत्ताच सांगून ठेवा की मतदानाला माणसं सोडायची. भाड्याचे पैसे पाड्याने वर्गणीतून काढावेत, उमेदवाराकडून घेऊ नयेत.

चार. आदल्या रात्री कोंबडी, दारू, पाकीट घेऊन येणाऱ्याला पाड्याच्या वेशीवरून परत पाठवा. त्या पाकिटाचा आकडाच पुढच्या वेळी "निवडून येण्याची क्षमता" म्हणून मोजला जातो.

बैठक झाली की ठरलेलं नाव आणि वहीतली उत्तरं संघटनेच्या कार्यालयात कळवा. कोण काय बोलला ते पुढच्या अंकात सगळ्या पक्षांचं सारखंच छापू.

जोहार!