कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय? फॉरमॅट मारण्याआधी वही काढा



मे महिन्यात सक्करदऱ्यातल्या एका ताईंचा फोन आला. ऑनलाइन फॉर्म, टायपिंग, झेरॉक्सचं छोटंसं दुकान आहे त्यांचं. म्हणाल्या, "सर, कॉम्प्युटर सारखा हँग होऊन राहिला. आपोआप रिस्टार्ट होते. नवीनच घेऊन टाकू का?"

त्याआधी एका मेकॅनिकने फॉरमॅट मारून दिला होता. झालं काय? उधारीची यादी गेली, गिऱ्हाइकांचे स्कॅन केलेले कागद गेले. आणि तिसऱ्या दिवशी तोच त्रास पुन्हा सुरू!

माझं मत स्पष्ट आहे. फॉरमॅट हा पहिला उपाय नाही, शेवटचा आहे. कारण न शोधता जो फॉरमॅट सुचवतो, तो तुमच्या पैशावर अंदाज बांधतोय.

मी ताईंना एकच विचारलं, "बंद कधी पडतो?" त्यांनी चार दिवस वहीत वेळ लिहिली. सकाळी एकदाही नाही. सगळं दुपारी एक ते चार. आता मे महिन्यातली नागपूरची दुपार, पारा 45 च्या आसपास, आणि कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात! त्यात समोर कूलर. ओलसर हवेने आतली धूळ पंख्याला चिकटून बसलेली. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून हँग. तरीही तापत राहिला तर जळू नये म्हणून मशीन बंद पडतं. धूळ काढली, थर्मल पेस्ट बदलली, कॅबिनेट मोकळ्या जागेत ठेवलं, कूलरचं तोंड फिरवलं. काम झालं.

पण प्रत्येकाचं कारण उष्णताच असेल असं नाही बरं का. म्हणून क्रम लक्षात ठेवा.

पहिलं, बॅकअप. टॅलीचा डेटा, बिलं, ग्राहकांची यादी दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या. बाकी सगळं नंतर.

दुसरं, वही. किती वाजता बंद पडला, तेव्हा काय चालू होतं, लाइट लपकली का, नवीन काही टाकलं होतं का.

आता वही वाचा. कूलर किंवा झेरॉक्स मशीन सुरू होताच रिस्टार्ट होत असेल, तर आधी प्लग, अर्थिंग, यूपीएसची बॅटरी आणि एसएमपीएस तपासून घ्या. एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत करंट साठलेला असतो. वेळकाळ न पाहता निळी स्क्रीन येत असेल, तर रॅम काढून पुन्हा नीट बसवा आणि विंडोजमधलंच मेमरी डायग्नोस्टिक चालवा. फाइल उघडताना अडकत असेल, तर हार्ड डिस्कवर संशय घ्या. नवीन सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर टाकल्यापासून त्रास असेल, तर तेच काढून बघा.

आणखी एक. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर 41' दिसेल. ते दाखवून कोणी म्हणालं की मदरबोर्ड गेला, तर थांबा. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की विंडोज नीट बंद न होता मशीन पुन्हा सुरू झालं. का झालं, ते ती एकटी सांगत नाही.

मग नवीन कधीच घेऊ नये का? घ्या ना! विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय. मशीन विंडोज 11 घेत नसेल आणि वर दुरुस्तीचा खर्चही मोठा असेल, तर नवीन घेणं शहाणपणाचं आहे. पण तो हिशोब करून घेतलेला निर्णय हवा, वैतागून घेतलेला नको.

जीएसटी रिटर्नच्या 20 तारखेला, संध्याकाळी सात वाजता मशीन बंद पडलं की दुरुस्तीपेक्षा लेट फी आणि धावपळ महाग पडते. मोठ्या कंपनीत आयटीवाला असतो. तुमच्या दुकानात आयटीवाले तुम्हीच.

आणि ही वहीची सवय फक्त कॉम्प्युटरपुरती ठेवू नका. विक्री घसरली की आपण लगेच दुकानाचा बोर्ड बदलतो, ऑफर लावतो. तेही फॉरमॅट मारणंच आहे. आधी विचारा, कधीपासून घसरली? कोणत्या वारी? कोणता माल? उत्तर बहुतेक वेळा वहीतच सापडतं.

आजच एक वही कॉम्प्युटरशेजारी ठेवा. आणि बॅकअप? तो आत्ताच घ्या.