घोरपडीला खोके नको

बदलापूरची वस्ती बारवी धरणाच्या रानाकडे सरकते आहे. अंगणात घोरपड दिसणे आता नवलाचे नाही. कुणी काठी शोधतो, कुणी गोणी, तर कुणी दयेपोटी तिला खोक्यात ठेवून वाटीभर दूध देतो. ही दयाही घातकच. घोरपड खाते ते किडे, खेकडे, बेडूक, उंदीर, अंडी. अंग तापवायला ऊन, मग सावली, नखांनी उकरायला माती आणि अंग बुडेल एवढे पाणी तिला लागते. खोक्यात ती भिंतीला नाक घासून घासून रक्ताळते.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आहे. तिला पकडणे, पाळणे हा गुन्हा. शिक्षा ३ ते ७ वर्षे. पूजेसाठी विकली जाणारी ‘हाथाजोडी’ ही झाडाची मुळी नव्हे, नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. ते घेणाराही शिकारीला हातभार लावतो.

जखमी घोरपड दिसली तर १९२६ या दूरध्वनी क्रमांकावर वनखात्याला कळवावे. आणि वनखात्यानेही सुटका झालेल्या घोरपडींसाठी बारवीजवळच ऊन, माती, पाण्याची सोय असलेला तात्पुरता निवारा उभारावा. बरी झालेली घोरपड तिथून त्याच रानात परतू शकेल.