उकळत्या पाण्यावरचा विश्वास

दात ठणकू लागला म्हणजे मनुष्य फार विचार करीत बसत नाही. गालावर हात दाबून तो जवळच्या दंतवैद्याची पायरी चढतो. आमच्या सीमाभागात ही पायरी बहुधा एखाद्या गल्लीतील दोन खोल्यांच्या दवाखान्याची असते. बाहेर बाक, आत एक खुर्ची, डॉक्टर आणि त्यांच्या हाताखाली एखादी मुलगी. शहापूर-वडगावापासून निपाणी-खानापूरपर्यंत अशाच छोट्या दवाखान्यांनी सामान्य माणसाच्या दातांची निगा राखली, प्रसंगी उधारीवरही राखली, याबद्दल आम्हांस कृतज्ञताच वाटते. परंतु भिडेपोटी जे प्रश्न आपण कधी विचारले नाहीत, ते आता विचारले पाहिजेत. मागच्या रुग्णाच्या तोंडात गेलेले हत्यार आमच्या तोंडात येण्यापूर्वी त्याचे काय झाले, हा त्यांतला पहिला.

‘उकळून घेतले आहे,’ असे उत्तर मिळाले की आपले समाधान होते. ही समजूत स्वयंपाकघरातली आहे. तिथे ती ठीकच आहे. पण कित्येक जंतू बीजाणूंचे कवच पांघरून बसतात आणि उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. त्यातून बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर. येथे पाणी पुरते १०० अंशांवरही उकळत नाही, ९७-९८ अंशांतच खळखळू लागते! हत्यारे खऱ्या अर्थाने निर्जंतुक करावयाची तर दाबाखालची वाफच लागते: १५ पौंड दाब, १२१ अंश सेल्सिअस आणि वाफ पुरती भरल्यावर किमान १५ मिनिटे. ऑटोक्लेव्ह म्हणतात ते हेच यंत्र. घरच्या प्रेशर कुकरचा शिस्तीतला थोरला भाऊ म्हणा. हत्यारे आधी घासून स्वच्छ धुवावी लागतात, कारण वाळलेल्या रक्ताखाली वाफ पोहोचत नाही. शिवाय पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला, एवढ्याने काम झाले असे नव्हे. यंत्र खरोखर जंतू मारते की नाही हे पाहण्यासाठी बीजाणूंची चाचणी आठवड्यातून एकदा करावी, असे या शास्त्रातील जाणकार सांगतात.

हा सोवळेपणाचा अतिरेक आहे असे कोणास वाटेल. तर मग कावीळ ‘ब’चा विषाणू वाळलेल्या रक्तात शरीराबाहेरही निदान सात दिवस जिवंत राहतो, हे ध्यानात घ्यावे. दात कोरणारे जे यंत्र डॉक्टर हातात धरतात, त्याच्या पोटातही रुग्णाची लाळ आणि रक्त शिरते. वरून स्पिरिटचा बोळा फिरवल्याने आतले काही जात नाही. २०२३ साली तमिळनाडूतील वाणियंबाडी येथे काय घडले ते तर सर्वांनीच वाचण्यासारखे आहे. सलाईनची बाटली निर्जंतुक न केलेल्या हत्याराने उघडली, सैल झाकून ठेवली आणि तीच पुन्हापुन्हा वापरली. मातीपाण्यात राहणारा एक जंतू त्या मार्गाने मेंदूपर्यंत पोहोचला. त्या एका दवाखान्याशी संबंध आलेल्या दहा रुग्णांपैकी आठ दगावले. दात दाखवावयास गेलेली माणसे ती. कोणी जाणूनबुजून विष कालवले नव्हते. एक बाटली उघडी राहिली होती.

आता दंतवैद्यांची अडचणही सांगितली पाहिजे. धुणे, पाकिटात भरणे, वाफवणे आणि वाळवणे यांत पाऊण-एक तास सहज जातो. दिवसाला पंधरा रुग्ण आणि कोरण्याची यंत्रे दोनच असतील, तर हिशेब जुळणार कसा? अधिक संच घ्यावयाचे तर पैसा हवा, आणि आम्ही रुग्ण तर दाढ काढण्याच्या फीमध्येही घासाघीस करतो! स्वच्छतेची किंमत फीमध्ये धरलेली असते, हे आपण एकदा समजून घेतले पाहिजे. पन्नास-शंभर रुपये अधिक पडले तरी चालतील. पाकीट आमच्या डोळ्यांदेखत फोडा, असे म्हणण्याची तयारी हवी.

सरकारकडे कायद्यांची वाण नाही. खासगी दवाखान्यांच्या नोंदणीसाठी कर्नाटकात २००७चा कायदा आहे. सुया पांढऱ्या, सहज न भोसकणाऱ्या डब्यात आणि रक्ताचे बोळे व काढलेले दात पिवळ्या पिशवीत, असे २०१६चे नियम सांगतात. क्ष-किरण यंत्राची नोंदणी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे करावी लागते. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड असलेच पाहिजे, असाही कायदा २०२४ साली झाला. पाटीवरची अक्षरे मोजण्यात जी तत्परता दिसते, ती पाटीमागच्या यंत्राचे तापमान मोजण्यातही दिसावी, एवढीच आमची अपेक्षा. आणि जिथे किमान १५ टक्के लोक एखादी भाषा बोलतात तिथे महत्त्वाचे नियम व सूचना त्या भाषेत प्रसिद्ध व्हाव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी ठरलेल्या संरक्षणांतले कलम कागदावरून दवाखान्याच्या भिंतीवर कधी उतरणार? दाढ काढण्यापूर्वी जिच्या अंगठ्याचा ठसा घेतला जातो त्या आजीबाईंना त्या कागदावर काय लिहिले आहे हे मराठीत कळू नये, यासारखा अन्याय नाही.

पण सरकारला चार शब्द सुनावून आमची सुटका होत नाही. आमच्यातले कित्येक दंतवैद्य मराठीच आहेत. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत ते आमच्या शेजारून चालतात. ‘आपलाच माणूस, त्याला काय विचारायचे?’ या संकोचाने आपण खुर्चीत मुकाट तोंड उघडतो. आम्हांस हा संकोच घातक वाटतो. जो आपला आहे त्याला तर मोकळेपणाने विचारता आले पाहिजे, आणि जो डॉक्टर अशा प्रश्नाने रागावतो त्याच्याकडे पुन्हा जावे की नाही याचा विचार करावा. बहुतेक रागावणार नाहीत, उलट हौसेने यंत्र दाखवतील, असा आमचा अंदाज आहे.

सीमाभागातील दंतवैद्यांनी एकत्र बसून रुग्णाने काय पाहावे, काय विचारावे आणि दवाखान्याने काय पाळावे यांचे एक पानी मराठी पत्रक तयार करावे. ते याच पृष्ठावर विनामूल्य छापण्यास आम्ही तयार आहोत.