चौकशीला अधिकारी आले तर खरं सांगा

मारामारीत किंवा किरकोळ चोरीत पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या पोराला तुरुंगात धाडायलाच हवं, असं कायदा म्हणत नाही. १९५८ सालच्या अपराधी परिवीक्षा अधिनियमात, म्हणजे प्रोबेशनच्या कायद्यात, गुन्हा फाशी-जन्मठेपेचा नसेल तर चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर जास्तीत जास्त ३ वर्षांसाठी सोडता येतं. आरोपी २१ वर्षांखालचा असेल तर त्याला तुरुंगात का पाठवलं, याची कारणं न्यायाधीशांना लिहावी लागतात. ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई द्यायचा हुकूमही कोर्ट याच कायद्याखाली देऊ शकतं.

अडतं ते पत्त्यावर. आरोपीचा किंवा जामीनदाराचा कायमचा पत्ता अथवा नियमित कामधंदा कोर्टाच्या हद्दीत, किंवा बंधपत्राच्या काळात आरोपी राहणार असेल त्या ठिकाणी हवा. नालासोपारा, विरारमध्ये कितीतरी कुटुंबं अकरा महिन्यांच्या करारावर राहतात. खोली बदलली की पत्ता बदलला. म्हणून वसईकरांनो, विरारकरांनो, ओळखीतला मुलगा असेल आणि त्याच्याबद्दल खात्री असेल, तर जामीनदार म्हणून उभे राहा. वालीव, गोखिवऱ्यातल्या गाळेमालकांनो, तो तुमच्याकडे कामाला असेल तर तसं लेखी द्या. पैसे घेऊन जामीनदार उभे करणाऱ्या दलालांच्या नादी मात्र कुणीही लागू नका.

परिवीक्षा अधिकारी अशा मुलाच्या चौकशीला चाळीत आले की दारं लागतात. लावू नका. पोरगा दारू पितो, तर तेही सांगा. देखरेख लागेल की नाही, हे ठरवायला कोर्टाला खरी माहितीच लागते. खोट्या कौतुकाने त्याचं भलं होत नाही, आणि शेजाऱ्यांचंही नाही.

पॅरोलवर, संचित रजेवर (फर्लोवर) आलेल्यांच्या घरच्यांनाही एक कळकळीची विनंती. वडाळ्यातल्या तरुण वकिलाच्या खुनातला कैदी २०१६ साली नाशिकरोड तुरुंगातून पॅरोलवर सुटला आणि पळाला; सापडला २०१७ मध्ये. अशा एका पळण्याची किंमत आईच्या आजारपणासाठी रजा मागणारे बाकीचे कैदी मोजतात. माणूस ठरल्या तारखेला परत गेलाच पाहिजे. घरात काही अडचण निघाली तर मुदत संपण्याआधी वकिलाशी बोला; त्याला लपवू नका.

वकील परवडत नसेल तर वसई कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. आणि त्या वकिलाला शिक्षेच्या सुनावणीआधीच विचारा: प्रोबेशनची मागणी केलीत का?